मशिनीचं लई लिहिती

पडेगाव, औरंगाबाद
१७ मार्च २०१६

आबा,

पायावर डोकं ठेवते. हे पत्र सखाराम मास्तर वाचून दाखवतील. मास्तर, तुमची-माझी ओळख नाही, पण आबांनी यंदा कायगावला तुमच्या रानात मेंढरं बसवलीत असं धोंडिबाकाकांकडून कळलं. आबांना अक्षर येत नाही, आणि मी घेऊन दिलेला मोबाइल ते दिवाळीत माझ्या ओट्यावर ठेवून निघून गेले. म्हणून तुम्हाला त्रास.

आबा, इकडं सगळं ठीक आहे. माय बरी आहे.

माझा कॉम्प्युटर मात्र बरा नाही. होळी अजून यायचीय आणि ऊन असं चढलंय की दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. काम चालू असताना मशीन एकदम बंद पडतं. धूर नाही, आवाज नाही, नुसता काळा पडदा. पहिल्यांदा मला वाटलं लाइट गेली, पण वर पंखा फिरत होता. थोडं थांबून बटण दाबलं की चालू होतं. काम लावलं की परत तेच.

मंदार सरांना फोन केला. ते आमच्या ऑफिसचे मोठे आर्किटेक्ट. ते म्हणाले, प्रोसेसर तापतोय. प्रोसेसर म्हणजे मशीनच्या पोटातला बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. सगळं गणित तोच करतो. तो फार तापला की जळून जाऊ नये म्हणून मशीन स्वतःलाच बंद करतं. सरांनी एक प्रोग्राम पाठवला. आता पडद्याच्या कोपऱ्यात सारखा एक आकडा दिसतो, प्रोसेसर किती तापलाय त्याचा. रिकामं बसवलं तर पन्नास. काम लावलं की ऐंशी, नव्वद. शंभराला टेकला की काळा पडदा.

मायला आकडे वाचता येतात, हे मला माहीतच नव्हतं. मी तिकडं भाकरी थापत असते आणि ती पलंगावरून ओरडते, "पोरी, ब्याऐंशी झालं गं!" मग मी पिठाच्या हातानं पळत येते आणि काम थांबवते. आकडा उतरतो. मग परत.

काम तेच आहे, तुम्ही पाहिलेलं. बिडकीनच्या आपल्या माळावरच्या सोसायटीचं. त्याचा आता सिनेमा करायचाय. गेटमधून आत शिरायचं, बगीच्यातून फिरत फिरत पोहायच्या तलावापाशी यायचं, असा. इमारती अजून उभ्या नाहीत, पण घर घेणाऱ्याला उभ्या दिसल्या पाहिजेत. त्यासाठी मशीनला एक एक चित्र काढावं लागतं, अशी हजारो. इमारती पटकन निघतात. पाण्याला वेळ लागतो. पाण्यात आभाळ दिसतं, इमारत दिसते, तळाच्या निळ्या फरश्या दिसतात, आणि सगळंच हलत असतं. तलावाचं चित्र लावलं की आकडा नव्वदच्या पुढं गेलाच.

आबा, दिवाळीत त्या दिवशी तुम्ही पडद्याकडं बघत विचारलंत, "आपला बिरोबा कुठंय हितं?" मी म्हणाले, "आबा, नकाशात तिथं काहीच नाही." आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. मी वाईट काय बोलले हे मला अजून कळलेलं नाही. ते मला नकाशा देतात, मी त्यावर इमारत उभी करते. माझ्या मनानं मी काही पुसलं नाही. ज्यांचा माळ, त्यांनी तो विकला. ते सोडून राग माझ्यावर का?

मेंढरांना चारा मिळतो का? नदीत पाणी आहे का? कळवा.

तुमची प्रांजली

मास्तर, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नका, हे तुमच्यासाठी आहे. माय बरी नाही. संक्रांतीच्या आसपास टँकरपाशी चिखलात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. घाटी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड घातलाय. डॉक्टर म्हणतात चाल, पण तिला वॉकर धरवत नाही, ती पडूनच असते. म्हणून मी ऑफिस सोडून घरी काम करते. आबांना कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय. म्हणते, "ते मेंढरं टाकून धावत येतील. दुष्काळात मेंढरं दुसऱ्याच्या हाती दिली तर निम्मी जगायची नाहीत. आन् मी पडले म्हणून आले, तर ते येणं काय कामाचं?" मी शपथ मोडत नाही. पण कुणाला तरी माहीत असावं, म्हणून लिहिलं.


५ एप्रिल २०१६

आबा,

मास्तरांचं कार्ड मिळालं. नदीचं पात्र कोरडं पडलंय, डोहातल्या पाण्यावर भागतंय, असं त्यांनी लिहिलंय. तुम्ही काही सांगितलं का, हे नाही लिहिलं. म्हणजे काही सांगितलं नसणार.

मशीन मी रिक्षात घालून छावणीच्या बाजारात नेलं. तिथं मुनीरभाईंचं रिपेअरीचं दुकान आहे. त्यांनी बाजूचं झाकण उघडलं आणि पोराला हाक मारली, "अरे देख, इधर आ!" मग मला म्हणाले, "बाई, तुमलोगां अंदर कंबल बुन रहे क्या?"

आबा, प्रोसेसरच्या वर ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पट्ट्या असतात आणि त्यावर एक लहान पंखा. प्रोसेसरची उष्णता पट्ट्यांत चढते, पंखा ती उडवून लावतो. आमच्या त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर लोकर बसली होती. धूळ आणि लोकर मिळून दाबून बसलेला, अगदी घोंगडीसारखा जाड तुकडा. मुनीरभाईंनी चिमट्यानं धरून तो अख्खाच्या अख्खा उचलला.

माय चातीवर सूत कातते ना, त्याची लोकर. तुम्ही दिवाळीत पोतं ठेवून गेलात, तीच. दिवसभर तिची चाती फिरते, बारीक तंतू उडतात, मशीन हवा ओढतं, त्याबरोबर तेही आत जातात.

मुनीरभाईंनी सगळं ब्रशनं झाडलं, हवा मारली. प्रोसेसर आणि पट्ट्यांच्या मध्ये एक पेस्ट असते, उष्णता वर पोचवायला, ती वाळून खडूसारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली, डाळीच्या दाण्याएवढी. मला म्हणाले, जास्त लावायची नाही, जास्त लावली की उलट उष्णता अडते. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं वीतभर जागा सोडा. जमिनीवर ठेवू नका. दोन विटांवर ठेवलंय आता. आणि कॉम्प्युटरमध्येच असं बांधून ठेवता येतं की प्रोसेसरनं ऐंशी टक्क्यांच्या वर पळायचंच नाही. काम हळू होतं, पण बंद पडत नाही. तसं केलंय. पहाटे उठून काम लावते, ऊन चढलं की थांबवते.

घरी आल्यावर लोकरीचं मी हसत हसत मायला सांगितलं. सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर चाती दिसेना. पोतं तोंड बांधून पलंगाखाली सारलेलं.

"माय, चाती कुठंय?"

"बोटं दुखायलीत."

"कधीपासून?"

"कालपासून."

आकडा सत्तर-पंचाहत्तरवर आहे. काम पुढं सरकतंय.

प्रांजली

मास्तर, हे तुमच्यापुरतं. तिच्या बोटांना काही झालेलं नाही. पडल्यापासून कातणं एवढंच तिच्या हातात होतं. आता ती दिवसभर आढ्याकडं किंवा आकड्याकडं बघत पडलेली असते. खोली एकच, तिचा पलंग आणि माझं टेबल समोरासमोर. दुसऱ्या खोलीत स्वयंपाक, तिथं जागा नाही. काय करू सुचत नाही.


२४ एप्रिल २०१६

आबा,

मास्तरांनी लिहिलंय की पत्र वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मशिनीचं लई लिहिती. मायचं एक ओळ लिहिती, बरी हाय म्हणून. तिची माय कशी हाय, मास्तर?"

आणि मास्तर तुम्हाला म्हणाले, "पोरगी लिहील तेव्हा मी वाचीन."

माय बरी आहे, आबा.

चातीचं मी सोडलं नाही. माझी एक जुनी तलम ओढणी होती, ती कापून मशीनच्या हवा घ्यायच्या जाळ्यांवर ताणून चिकटवली. मुनीरभाईंना विचारूनच केलं. ते म्हणाले, चालतंय, पण कापड रोज झाडायचं, नाहीतर तेच कोंडेल. मग पोतं पलंगाखालून ओढलं, चाती हुडकली, ती तिनं उशीखाली ठेवली होती, आणि तिच्या हातात दिली.

"आता लोकर आत जात नाही. कात."

"परत तापलं म्हंजी?"

"तापलं तर तू सांगशीलच की."

तिनं लोकरीचा पेळू हातात घेतला आणि तोंड फिरवलं. मग थोड्या वेळानं चाती फिरल्याचा आवाज आला. रोज संध्याकाळी ओढणीवर लोकरीचा थर बसलेला असतो, मी तो बोटांनी गोळा करते, माय म्हणते, "टाकू नको, आण इकडं," आणि तोसुद्धा कातते.

ऊन बेचाळीसच्या पुढं गेलंय. इथं नळाला पाणी येतच नाही म्हटलं तरी चालेल, टँकर आला की गल्लीभर पळापळ. आमच्या मागच्या माळावर तरीही बांधकामं चालूच आहेत. रोज नवा खड्डा, रोज नवी बोअर. सहाशे फूट खाली जाऊनही नुसती धूळच वर येते. काल एका बोअरची पांढरी धूळ आमच्या घरात शिरली, तेव्हा मी आधी मशीनवर चादर टाकायला धावले, मग थांबले, ते चालू होतं. चालू मशीन झाकलं तर गुदमरतं. बंद केलं, मग झाकलं.

चाकांचा एक कूलर घेतलाय जुन्या बाजारातून. त्यात पाणी घालावं लागतं. टँकरचं पाणी आधी प्यायला, मग भांड्यांना, भांड्यांचं गाळून कूलरला. कूलर मी मायकडं तोंड करून ठेवते. ती म्हणते, "माझ्यावर वारा घालून काय उपयोग, मला काय सिनेमा काढायचाय?" आणि मी स्वयंपाकघरात गेले की हळूच म्हणते, "पोरी, सत्त्याऐंशी." खोटं. आकडा अठ्ठ्याहत्तर असतो. मी कूलर मशीनकडं वळवावा म्हणून.

मंदार सर म्हणतात, अक्षय तृतीयेला बुकिंग सुरू होणार, त्याआधी सिनेमा पाहिजे. तलाव अजून बाकी आहे.

प्रांजली

मास्तर, तुम्ही आबांना सांगितलं नाहीत, तुमचे उपकार. तिला पाठीला जखमा व्हायला लागल्यात. गीताबाई म्हणून शेजारी आहेत, त्या कूस बदलायला मदत करतात. मला शपथ पाळणं जड जातंय.


११ मे २०१६

मास्तर, हे पत्र सगळं मोठ्यानं वाचा. एकही ओळ गाळू नका. आधीच्या पत्रांत तुमच्यासाठी म्हणून जे लिहिलं होतं, तेही वाचून दाखवा, ते त्यांच्याच हक्काचं होतं.

आबा,

माय चार महिने झाले पलंगावर आहे. टँकरपाशी पडून तिचा खुबा मोडला. तिनं शपथ घातली म्हणून मी लिहिलं नाही. आज मी ती शपथ मोडतेय.

शुक्रवारी सिनेमाचा शेवटचा भाग लावला होता. तलावाचा. पहाटे संपायला हवा होता, पण मध्ये लाइट गेली, पुन्हा लावावा लागला आणि दुपार झाली. संध्याकाळी मंदार सरांना द्यायचा होता. आकडा चौऱ्याऐंशीवर होता. पंच्याऐंशी झाले की मशीन पीं पीं असं ओरडतं, तसं करून ठेवलंय मी. कूलर मायकडं होता. एवढ्यात गल्लीत टँकरचा भोंगा वाजला.

मी म्हणाले, "माय, मी पाणी घेऊन येते. ओरडलं तर ओरडू दे. बंद पडलं तर पडू दे. तू काही करू नको."

ती म्हणाली, "मी काय करणार? मी तर पडलेली."

रांग लांब होती. मधे भांडणं झाली, एकाचा ड्रम दुसऱ्यानं सारला. मी घागरी भरून आले तेव्हा ओट्यावरूनच मला मशीनचा आवाज ऐकू आला, नेहमीचा, शांत. मला बरं वाटलं. आबा, मी आत आले आणि पहिल्यांदा पडद्याकडं बघितलं. चौऱ्याहत्तर.

मग बघितलं की कूलरचं तोंड मशीनकडं आहे.

वॉकर पलंगापासून दूर, आडवा पडलेला. चार महिने जो तिला धरवत नव्हता तो वॉकर धरून ती उठली होती. कूलर ढकलून फिरवला होता. पलंगावर परत कशी चढली ते तिलाही माहीत नाही. भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी हाक मारली, ओ दिली नाही. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा एक थेंब नाही. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हती. ती मेंढरांना हाकत होती. हुर्र, हुर्र करत होती, जिभेनं टक् टक् आवाज काढत होती, आणि कुणाला तरी सांगत होती, "तिकडं नको, तिकडं कुंपण घातलंय."

आणलेल्या दोन्ही घागरी मी तिच्या अंगावर ओतल्या. गीताबाई ओल्या चादरी घेऊन आल्या. त्यांच्या मालकानं टेम्पो काढला. घाटीत बर्फ लावला, सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला ओळखलं. पहिलं काय बोलली माहीत आहे? "झाला का गं तुझा सिनेमा?"

झाला होता. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा तो घरी आपोआप पूर्ण झाला. मंदार सरांचा माणूस येऊन घेऊन गेला. अक्षय तृतीयेला बुकिंग झालं, लोकांना तलाव फार आवडला म्हणे.

काल तिला घरी आणलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला पत्र्याखाली ठेवू नका. सावली पाहिजे, वारं पाहिजे, आणि हिला उभं करा. ती उठू शकते, हे आता सगळ्यांनाच कळलंय.

मी तुम्हाला या म्हणत नाही. नका येऊ असंही म्हणत नाही. मेंढरं किती महत्त्वाची आहेत हे मला कळतं. मी एवढंच करते, की जे आहे ते सांगते. आधीच सांगायला हवं होतं की नव्हतं, ते तुम्ही आणि माय ठरवा.

तुमची प्रांजली


७ जून २०१६

माय,

तुला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. लहानपणी शाळेत आईला पत्र लिहा म्हणायचे, तेव्हा तू समोरच असायचीस. मास्तर, मायला हे तिच्या एकटीपाशी बसून वाचून दाखवाल का? आबा ओढ्याकडं गेले की वाचा.

मास्तरांचं कार्ड आलं. तू कायगावला लिंबाखाली बाज टाकून घेतलीस, वॉकर धरून सकाळ-संध्याकाळ मेंढरांच्या वाड्याला फेरी मारतेस, आणि आई मेलेल्या दोन कोकरांना मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजतेस, असं त्यांनी लिहिलंय. पाठीच्या जखमा सुकल्या म्हणे. मी ते कार्ड गीताबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

आबा आले तो दिवस तुला निम्माच माहीत आहे. ते खांद्यावर घोंगडी टाकून दारात उभे होते, तू जागी झालीस आणि म्हणालीस, "मेंढरं कुणापाशी टाकली?" आणि ते म्हणाले, "माणसांपाशीच हायत." एवढंच बोललात तुम्ही दोघं. मग ते तुझ्या पायाशी बसले आणि तू झोपलीस. तू झोपल्यावरचं सांगते.

त्यांनी बराच वेळ मशीनकडं पाहिलं. मग म्हणाले, "दाव तो सिनेमा."

मला भीती वाटली. पण लावला. गेट, बगीचा, इमारती. तलाव आला तेव्हा ते पुढं वाकले. पाणी हलत होतं, त्यात ढग होते.

"ह्याच पाण्यानं मशिनी तापायली व्हय?"

"हो. पाण्यालाच जास्त तापते."

"आन् खरं पाणी कुठून आणणार हाईत हे?"

"माहीत नाही, आबा. ते मला नाही सांगत."

"इचारलंस का?"

"नाही."

मग मीच बोलले. म्हणाले, "बिरोबा मी नाही हो पुसला. नकाशात नव्हताच तो."

माय, ते हसले. दिवाळीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बिरोबा तिथं कसा असंल? कुंपण घालायच्या आधीच मी त्याला उचलून नेला. घोंगडीत बांधून. आता कायगावला लिंबाखाली हाय. रोज पाणी घालतो."

"मग तुम्ही ताटावरून का उठलात?"

ते तुझ्याकडं बघत राहिले. तू झोपेत हात हलवत होतीस. म्हणाले, "तू म्हणालीस, तिथं काहीच नाय. नकाशात नाय म्हणालीस, ते मला कळलं नाय. मला ऐकू आलं, तिथं काहीच नव्हतं. तू त्याच माळावर जल्मलीस, पोरी. रापलेली, नागडी, कोकरामागं पळायचीस. मला वाटलं, ह्या पोरीला आता तेबी आठवत नाय."

मी म्हणाले, "आठवतं, आबा."

"व्हय. मास्तर तुझी पत्रं वाचायचे तवा कळलं. येवढं बारीक बारीक जी लिहिती, ती इसरंल कशी."

मग तू उठलीस आणि पाणी मागितलंस.

दुसऱ्या दिवशी ते तुला न्यायचं म्हणाले तेव्हा मी भांडले, ते तुझ्या लक्षात आहेच. औषधं, जखमा, उघडं रान, मी सगळं मोजून दाखवलं. तू म्हणालीस, "हितं मी आकड्याची राखण करायले. तिथं मेंढरांची करीन." मला फार लागलं ते तेव्हा. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी गेला, आबांनी तुझ्या डोक्यावर घोंगडीची सावली धरली होती, आणि तू मागं वळून बघितलं नाहीस. मला वाटलं रागानं. गीताबाई म्हणाल्या, "वळली असती तर उतरली असती गं ती."

इथलं सांगायचं तर, मंदार सरांनी दुसऱ्या सोसायटीचं काम दिलंय. मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. एक, दुपारी मला ऑफिसात बसून काम करू द्याल का, तिथं एसी आहे. ते हो म्हणाले. दुसरी, या चित्रात जो तलाव आहे त्याला पाणी कुठून येणार. ते म्हणाले, "प्रांजली, हे आपलं काम नाही." मी म्हणाले, "हो सर, पण मला आबांना सांगायचंय." अजून उत्तर मिळालेलं नाही. परत विचारणार आहे.

घरी सकाळचं काम करते. तू गेल्यापासून कूलर एकट्या मशीनकडं असतो, कापडावर लोकर बसत नाही. आकडा सत्तरच्या वर चढत नाही. पूर्वी यासाठी मी काय काय केलं असतं. आता मशीन इतकं गार चालतं आणि मला तिथं बसवत नाही. मी काम लावून ओट्यावर येऊन बसते.

आता एक गोष्ट, जी आबांनी तुला सांगितली नसणार.

काल सकाळी मास्तरांच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं तुला काही झालं. मी "मास्तर, काय झालं, मास्तर?" असं ओरडतच उचलला. पलीकडं नुसती मेंढरं ऐकू येत होती, घंटा ऐकू येत होत्या. मग आबांचा आवाज आला. फोनवर ते नेहमी ओरडून बोलतात, तसे नाही बोलले.

"काय करायलीस?"

"काही नाही. बसलेय ओट्यावर."

"जेवलीस का?"

"अजून नाही."

मग पुन्हा मेंढरं. मला वाटलं ठेवतील आता. तर म्हणाले,

"मशिनी कशी हाय? तापती का अजून?"

मी मान हलवली, मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही.

"नाही, आबा. आता नाही तापत."

"मग बंद कर की तिला चार दिवस. आन् ये."

मी सरांकडून सुट्टी मागून घेतलीय. रविवारी सकाळच्या नगरच्या बसनं निघते. कायगावच्या पुलावर उतरून चालत येईन.

तुझी प्रांजली